पांढरी आणि वाट

१

शिरगणतीचीं पुस्तकें कोणी करमणुकीसाठीं वाचीत नाहीं. जिल्हा, तालुका, गांवाचें नांव, घरें, पुरुष, स्त्रिया आणि शेवटीं एकूण माणसें, असे रकाने पानामागून पान चाललेले असतात. ज्यानें त्यानें आपलें गांव शोधून काढावें, आपल्या लहानपणापेक्षां वस्ती वाढली कीं घटली एवढें पाहावें आणि पुस्तक मिटावें, असाच बहुतेकांचा रिवाज आहे. अलीकडच्या दशकांतील पुस्तिकांत याच गांवांपुढें आणखी एक नोंद येते. गांवाला पक्की सडक आहे कीं नाहीं, बस गांवांत येते कीं दूर कोठें फाट्यावर थांबते, जवळचें शहर किती अंतरावर आहे, हें तींत दिलेलें असतें. सोयीगैरसोयीची एक किरकोळ बाब म्हणून वाचणारा ती सोडून देतो.

आमच्या मतें या दोन नोंदी एकमेकींपासून तोडून वाचतां येत नाहींत. गांवांत माणसें किती व कोणत्या स्थितींत राहतात, या प्रश्नाचें उत्तर गांवच्या जमिनींत जितकें सांपडतें तितकेंच गांवच्या वाटेंत सांपडतें. जुन्या भाषेंत गांवाचे दोन भाग असत : वस्तीची जागा ती पांढरी व पिकाची जमीन ती काळी. काळीवर पांढरी पोसली जाते, हा सिद्धांत आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु पांढरींतून निघून शिवेबाहेर जाणारी जी वाट, तिची हकीकत या सिद्धांतांत कोठेंच येत नाहीं. ती थोडीशी सांगावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या आसमंतांत लोणी कंद, पिंपळे सौदागर व जातेगांव बुद्रुक अशीं तीन गांवें आहेत. निरनिराळ्या काळीं जाणत्या माणसांनीं त्यांची बारकाईनें पाहणी केली व ती छापूनहि निघाली. महाराष्ट्रांतील हजारों खेड्यांपैकीं फारच थोड्यांच्या वांट्याला हें भाग्य आलें आहे.

२

हिंदुस्थानांतील खेडें म्हणजे एक लहानसें लोकराज्य. त्याला बाहेरच्या जगाची फारशी गरज नाहीं. राज्यें आलीं आणि गेलीं तरी तें आपल्या जागीं अढळ राहतें, अशी एक कल्पना सर चार्ल्स मेटकाफ यानें १८३० सालच्या आपल्या एका टिपणांत मांडली. मेटकाफचा अनुभव उत्तरेकडचा होता. परंतु त्याचें हें चित्र सर्व देशाला लागू झालें. इंग्रज ग्रंथकारांनीं तें उचललें आणि त्या ग्रंथकारांशीं हिरीरीनें वाद घालणाऱ्या आपल्याकडील विद्वानांनींहि तेंच उचललें. इंग्रजांच्या सडका व आगगाड्या येण्यापूर्वीं आपलें खेडें स्वयंपूर्ण व सुखी होतें, असें आपण शाळेपासून ऐकत आलों आहों.

देशावरच्या कोणत्याहि गांवीं हें चित्र ताडून पाहावें. काळींत जोंधळा, बाजरी, हरभरा पिके हें खरें. पण मीठ पिकत नसे. मीठ कोंकणांतून घाट चढून बैलांच्या पाठीवर येई. देवापुढें फोडावयाचा नारळ त्याच वाटेनें येई. नांगराच्या फाळाचें लोखंड गांवचा लोहार घडवी, पण तें जमिनींतून काढणारा निराळ्या मुलुखांतला. शिवाय सरकारधारा रोकड द्यावयाचा म्हणजे धान्य पेठेंत नेऊन विकलें पाहिजे, आणि पेठ तर गांवाबाहेरच! वंजाऱ्यांचे तांडे, घिसाडी, वैदू, गोसावी, बहुरूपी, डोंबारी यांचा राबता तर बारमहा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ हा ग्रंथ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कुणब्यावर पडणाऱ्या या फिरस्त्यांच्या भाराचा विस्तारानें विचार केलेला आहे. ज्या गांवीं इतके लोक येतात, त्या गांवाला वाट नव्हती असें कोण म्हणेल?

वाट होती, फक्त ती सर्वांना सारखी नव्हती. गांवच्या महाराला ती वतनाचें ओझें म्हणून भेटे. वाटसराला व अंमलदाराला पुढच्या शिवेपर्यंत रस्ता दाखविणें, सामान डोक्यावर वाहणें, टपाल व निरोप पोंचविणें हीं त्याचीं कामें. त्याचें पाऊल वाटेवर रोज पडे, पण तें दुसऱ्याच्या कामासाठीं. शिव ओलांडून आपल्या मनानें कोठें जाऊन राहावें, अशी ती वाट त्याच्या दृष्टीनें नव्हती. पुढें हीच वाट त्याच्यासाठीं कशी पालटली, हें यथास्थळीं येईलच.

आतां लोणी कंद. पुण्याहून अहमदनगरास जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. १ जानेवारी १८१८ ची कोरेगांवची लढाई याच रस्त्यावर, येथून कांहीं मैल पुढें, भीमेच्या कांठीं झाली. पेशवाई बुडून पुरतीं दोन वर्षें लोटलीं नाहींत तोंच डॉ. टॉमस कोट्स या इंग्रज वैद्यानें लोणीची पाहणी केली. त्याचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडांत १८२३ सालीं छापला गेला. घरें कशीं, भांडींकुंडीं काय, माणसें काय खातात व नेसतात, बलुतेदारांस काय मिळतें, हें सारें त्यानें टिपलेलें आहे. त्यांत एक गोष्ट अशी कीं, गांवचे बहुतेक कुणबी सावकाराच्या कर्जांत होते. ही स्थिति खडीची सडक, आगगाडी व इंग्रजी कोर्टकचेरी गांवापर्यंत येण्यापूर्वींची आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. गांवाचें दारिद्र्य रस्त्यानें आणलें असें म्हणणाऱ्यानें आधीं कोट्सची लोणी वाचावी.

३

मग रस्त्यानें कांहींच केलें नाहीं काय? केलें, आणि पुष्कळ केलें. १८३० सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें बोरघाटांतील गाडीवाट खुली केली. तोंपर्यंत घाटांतील माल बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जात असे. आतां भरलेली गाडी घाट चढूं लागली. १४ जून १८५८ रोजीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली आणि १८६३ मध्यें घाटांतील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई व पुणें हीं दोन शहरें एका रुळानें जोडलीं गेलीं. ज्या प्रवासाला पूर्वीं मुक्काम करीत जावें लागे तो कांहीं तासांचा झाला. वंजाऱ्यांच्या तांड्यांचा जुना धंदा यांतच बसला.

पण वाटेनें केवळ माल आला नाहीं, भावहि आला. पूर्वीं शेजारच्या पेठेंत काय दर आहे एवढेंच कुणब्याला पाहावें लागे. आतां मुंबईचा दर त्याच्या खळ्यावर येऊन बसला. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी चालली होती, तोंवर कापसाला सोन्याचें मोल आलें. ती मिटतांच भाव कोसळला. तेजींत काढलेलें कर्ज मंदींत फेडावयाचें आणि त्यांतच वाढलेला सरकारधारा द्यावयाचा, असा प्रसंग आला. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें लोक सावकारांवर उठले व त्यांनीं कर्जरोखे जाळले. दंग्याची ही आग पुणें व नगर जिल्ह्यांत पसरली. शिरूर तालुकाहि तींतून सुटला नाहीं. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा यांतून जन्मास आला. कर्ज कोट्सच्या काळींहि होतें. नवें एवढेंच कीं, आतां ज्या कारणांनीं तें वाढे तीं सातासमुद्रांपलीकडे घडूं लागलीं, आणि तेथून लोणीपर्यंत येण्यास त्यांना वाट झाली होती.

त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. आगगाडीनें धान्य आलें, पण तें विकत घेण्यास पैसा नव्हता. सरकारनें कामें काढलीं व माणसें खडी फोडण्यास बसलीं. पुढें कुणबी ज्या सडकेनें मजुरीसाठीं गांव सोडून जाई, ती पुष्कळदां अशाच एखाद्या दुष्काळांत त्याच्याच हातांनीं झालेली असे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ सुरू झाली आणि आगगाडीच्या उतारूंबरोबर ती पुण्यास पोंचली. १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा बंदरांतून रुळांनीं व रुळांवरून गाडीवाटेनें खेड्याखेड्यांत गेला. त्याचा परिणाम शिरगणतीच्या आंकड्यांत आजहि दिसतो. आजच्या भारताच्या सीमांत मोडणाऱ्या मुलुखाची वस्ती १९११ मध्यें सुमारें २५.२ कोटी होती. १९२१ मध्यें ती २५.१ कोटी भरली. दहा वर्षांत देशाची वस्ती वाढण्याऐवजीं घटली, असें शिरगणतीच्या इतिहासांत हें एकच दशक आहे. तेव्हां वाट ही निव्वळ कल्याणकारी आहे असेंहि कोणीं म्हणूं नये.

४

याच काळांतील पिंपळे सौदागरची हकीकत आतां पाहूं. पुण्याच्या वायव्येस पवनेच्या कांठीं हें गांव आहे. पवना पुढें दापोडीजवळ मुळेस मिळते. नदीच्या पैलतीरानें मुंबई-पुण्याची सडक व लोहमार्ग जातो आणि कांहीं मैलांवर खडकीची छावणी आहे. खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. पहाटे भाकरी बांधून घेऊन निघालेला गडी दिवसभर काम करून रात्रीं परत घरीं येऊं शकेल, इतकें हें अंतर.

१९१४-१५ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं या गांवाची पाहणी केली. मॅन हे मुळांत शेतीच्या रसायनशास्त्राचे अभ्यासक. मातीची परीक्षा ज्या काटेकोरपणें करावयाची, त्याच काटेकोरपणें त्यांनीं व त्यांच्या मराठी सहकाऱ्यांनीं कुटुंबाकुटुंबाचा जमाखर्च मांडला. हें पुस्तक १९१७ सालीं निघालें. हिंदुस्थानांत एका खेड्याचा असा संपूर्ण हिशेब मांडण्याचे जे पहिले प्रयत्न झाले, त्यांत त्याची गणना होते.

गांवांत तेव्हां १०३ कुटुंबें होतीं. कुटुंबामागें पांच माणसें धरलीं तर पांचशांच्या आसपास वस्ती झाली. म्हणजे महाराष्ट्रांतील कोणत्याहि सामान्य खेड्याएवढी. जुन्या कागदांवरून मॅन यांनीं दर खातेदाराकडील जमिनीची सरासरी काढली. १७७१ सालीं ती ४० एकर होती, १८१८ मध्यें १७॥ एकर, १८२० ते १८४० या काळांत १४ एकर आणि १९१४-१५ मध्यें ७ एकर. पाहणीच्या वेळीं शंभर खात्यांपैकीं ८१ दहा एकरांच्या आंतलीं आणि ६० तर पांच एकरांच्याहि आंतलीं होतीं. जमीन नुसती लहान झाली असें नव्हे, तिच्या चिंध्या झाल्या. १५६ मालकांमध्यें सातशांहून अधिक तुकडे वांटले गेले होते व त्यांतले ४६३ तुकडे एकेका एकराहूनहि लहान होते. बापाच्या तीन शेतांचे चार भावांनीं बारा तुकडे करावयाचे, हा हिशेब कोणाला समजावून सांगण्याची गरज नाहीं.

वरील आंकड्यांकडे जरा थांबून पाहावें. सर्वांत मोठी घट कोणत्या काळांत आहे? १७७१ ते १८१८ या सत्तेचाळीस वर्षांत ४० एकरांचे १७॥ झाले. त्या काळांत पिंपळ्यास ना इंग्रजी सडक होती, ना आगगाडी. पेशव्यांचेंच राज्य होतें. पुढच्या शंभर वर्षांत १७॥ चे ७ झाले. म्हणजे काळी तोकडी पडत जाणें ही क्रिया वाटेच्या आधींपासून चालू होती. वाट आल्यानें ती सुरूहि झाली नाहीं व थांबलीहि नाहीं. जमीन तेवढीच आणि खाणारीं तोंडें वाढतीं, असा हा जुना पेंच आहे. गांवांतून बाहेर पडण्यास कांहीं मार्ग असला तरच त्यांतून सुटका.

तो मार्ग किती जणांना मिळाला? मॅन यांनीं १०३ कुटुंबांचे तीन वर्ग केले. केवळ आपल्या जमिनीवर ज्यांचें नीट भागत होतें अशीं कुटुंबें अवघीं ८. जमिनीच्या जोडीला बाहेरची मिळकत धरून ज्यांचे दोन्ही टोंकांचे हिशेब जुळत होते अशीं २८. उरलेलीं ६७ कुटुंबें घरचें व बाहेरचें सारें धरूनहि तुटींत होतीं. या ६७ चा आंकडा त्या काळीं फार गाजला. सभांतून व लेखांतून तो पुनःपुन्हां उद्धृत झाला, आणि तें योग्यच होतें. परंतु आमचें लक्ष मधल्या २८ कडे जातें. हीं अठ्ठावीस घरें काळीनें तारलेलीं नव्हतीं. खडकीचा कारखाना, छावणी व शहर यांकडे जाणाऱ्या वाटेनें तारलेलीं होतीं. ती वाट क्षणभर पुसून टाकली तर सुस्थितींतलीं कुटुंबें छत्तिसांऐवजीं आठच उरतात.

५

हें अनुमान केवळ कल्पनेचें राहूं नये म्हणूनच कीं काय, मॅन यांनीं दुसरें एक गांव निवडलें. न. वि. कानिटकर यांच्या सहकार्यानें केलेली ही पाहणी १९२१ सालीं प्रसिद्ध झाली. गांव जातेगांव बुद्रुक, तालुका शिरूर. पुण्यापासून सुमारें पंचवीस मैल, नगर रस्त्याच्या बाजूला आंत. येथून शहरांत रोज कामाला जाऊन रात्रीं परत येणें पायीं चालणाऱ्याला किंवा बैलगाडीनें जाणाऱ्याला अशक्य. मेटकाफच्या वर्णनाशीं जुळेल असें गांव शोधावयाचें तर तें पिंपळे नव्हे, जातेगांव. शहराचा वारा न लागलेलें, आपल्या काळीवर विसंबलेलें.

येथें काय आढळलें? पिंपळ्यास शंभरांत सुमारें ६५ कुटुंबें तुटींत होतीं. जातेगांवीं ८५ निघालीं.

दोन गांवांची अशी तुलना करतांना सावधपणा ठेवला पाहिजे. पुण्यापासून पूर्वेकडे जावें तसा पाऊस कमी होत जातो. शिरूरची जिराईत जमीन पावसाच्या लहरीवर अधिक अवलंबून. दोन पाहण्यांमध्यें महायुद्धाची महागाईहि येऊन गेली. तेव्हां पासष्ट व पंच्याऐशीं यांमधला सगळा फरक वाटेच्या पदरीं टाकणें न्यायाचें होणार नाहीं. तरीपण एवढें निःसंशय म्हणतां येईल कीं, शहरापासून दूर राहिल्यानें जातेगांवचें कांहीं भलें झालें नव्हतें. स्वयंपूर्ण म्हणून ज्याची स्तुति करावी, तें गांव पाहूं जातां अधिक उणें निघालें. शहराची हवा लागली नाहीं म्हणून कर्ज झालें नाहीं, असें घडलें नाहीं. कर्ज होतें, तें फेडण्याची जागा मात्र नव्हती.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. शिरगणतीच्या पुस्तकांत पिंपळे व जातेगांव यांच्या ओळी सारख्याच दिसतात. इतकीं घरें, इतके पुरुष, इतक्या स्त्रिया. एका ओळींतला गडी संध्याकाळीं मजुरीचे पैसे कनवटीला लावून घरीं येतो आणि दुसऱ्या ओळींतला पावसाकडे डोळे लावून बसतो, हा भेद त्या आंकड्यांत नाहीं. तो शोधावयाचा तर गांवापासून कारखाना किती कोस, हेंच विचारावें लागतें.

६

पंचवीस मैलांचें हें अंतर तोडलें तें मोटारनें. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत खाजगी सर्व्हिस मोटारी जिल्ह्याजिल्ह्यांत धांवूं लागल्या. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीनें धनंजयराव गाडगीळ व ल. वि. गोगटे यांनीं मुंबई इलाख्यांतील सहा जिल्ह्यांच्या मोटार-वाहतुकीची पाहणी १९३५ सालीं प्रसिद्ध केली. खेड्याच्या अर्थशास्त्रांत वाहतुकीला स्वतंत्र विषयाचें स्थान मिळालें, याची ती साक्ष आहे.

त्यानंतर १ जून १९४८ हा दिवस येतो. मुंबई राज्याच्या सरकारी एस. टी.ची पहिली गाडी त्या दिवशीं पुणें-नगर मार्गावर धांवली. हा मार्ग कोणता, हें वाचकांस आतां सांगावयास नको. कोट्सच्या लोणीवरून जाणारा, जातेगांवचा माणूस ज्याला येऊन मिळतो तो हा रस्ता. ज्या वाटेनें १८१८ मध्यें फौजा गेल्या, ती आतां तिकिटाच्या पैशांत कोणालाहि मोकळी झाली. लोकांनीं त्या गाडीचें ‘यष्टी’ असें आपल्या जिभेला सोईचें नांव ठेवलें. शेतकऱ्याचें माळवें, सासरीं निघालेली मुलगी, कचेरींत तारखेला जाणारा पक्षकार आणि हायस्कुलांत जाणारीं पोरें अशीं सर्वच त्या यष्टीनें पुढें वाहिलीं.

त्याच वर्षाच्या ४ नोव्हेंबरला घटना समितींत घटनेचा मसुदा मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मेटकाफच्या त्या जुन्या वर्णनाचा समाचार घेतला. खेडीं टिकून राहिलीं हें खरें. पण नुसतें टिकणें हा गुण नव्हे, तीं कोणत्या पातळीवर टिकलीं हें पाहिलें पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. खेड्याविषयींचे त्यांचे शब्द पुष्कळांस कठोर वाटले. परंतु वाटेचा विचार करणाऱ्याला त्यांतलें मर्म सहज कळेल. ज्याला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याचें ओझें घेऊन शिवेपर्यंत जावयाचें व रिकाम्या हातानें परत यावयाचें, त्याच्या दृष्टीनें गांवाचें अढळ राहणें म्हणजे त्याच्या स्थितीचेंहि अढळ राहणें. पलटण, रेल्वे, गिरण्या व कारखाने यांकडे जाणारी वाट त्यानें धरली ती केवळ पोटासाठीं नव्हे. ज्या गांवीं कोणी आपल्याला जातीवरून ओळखणार नाहीं, तेथें पोंचण्यासाठींहि धरली. महार वतनासारखीं कनिष्ठ गांववतनें पुढें १९५८ च्या कायद्यानें रद्द झालीं. पण कित्येकांनीं तीं त्यापूर्वींच गाडींत बसून मागें टाकलीं होतीं.

लोणी कंदाची कोट्सनंतरची दुसरी पाहणी समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं केली व ती १९६० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. सव्वाशें वर्षांपूर्वींची लोणी व आपल्या वेळची लोणी अशीं दोन चित्रें त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवलीं. एकाच खेड्याकडे इतक्या कालांतरानें पुन्हां वळून पाहिल्याचीं उदाहरणें आपल्याकडे विरळाच.

वाट नेहमीं माणसें आणतेच असें मात्र नाहीं, ती नेतेहि. रत्नागिरी जिल्ह्याचे पुरुष आधीं आगबोटीनें व मग मोटारीनें मुंबईच्या गिरण्यांत गेले. घरीं राहिल्या बायका, पोरें व म्हातारीं माणसें. २०११ च्या शिरगणतींत त्या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया भरल्या. गांवची पांढरी मनिऑर्डरीवर चालली आहे, हें सांगण्यास याहून निराळा पुरावा नको. पिंपळ्याची वाट संध्याकाळीं माणूस परत आणून सोडी. कोंकणची वाट त्याला शिमग्याला व गणपतीला आणी. अंतर वाढलें कीं एकच वाट निराळें फळ देते.

७

आज पिंपळे सौदागर कोठें आहे, असें पुण्यांत कोणासहि विचारलें तर तो नाशिक फाटा ते वाकड या रुंद रस्त्याचें नांव सांगेल. १९५४ मध्यें पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला; मागोमाग पवनेच्या त्या तीरावर मोठमोठे कारखाने उभे राहिले. १९७० सालीं पिंपरी-चिंचवडची नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. या शहरानें पवनेकांठचीं कित्येक गांवें पोटांत घेतलीं, त्यांतच पिंपळे. पुढें हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या. २०११ मध्यें पिंपरी-चिंचवडची वस्ती सतरा लाखांहून अधिक भरली. ज्या सात एकरांवर एका कुटुंबाचें भागत नव्हतें, तेवढ्याच जागेंत आज बहुमजली इमारतींतून शेंकडों कुटुंबें राहतात. त्यांच्यापैकीं कोणाचेंहि पोट त्या सात एकरांवर नाहीं. तें वाटेच्या दुसऱ्या टोंकाला आहे. काळी संपली, पांढरीच उरली, आणि ती सर्वस्वीं वाटेवर जगते.

याला गांवाचा उत्कर्ष म्हणावा कीं अंत? आमच्यानें एका शब्दांत उत्तर देववत नाहीं. ज्याच्या नांवावर जमीन होती त्याला तिचें मोल आलें. ज्याच्याजवळ विकावयास तुकडाहि नव्हता, त्याला वाटेनें मजुरी दिली, मोकळीक दिली, पण शेजारच्या इमारतींत घर घेण्याइतकें क्वचितच दिलें. मॅन यांच्या ६७ कुटुंबांची नातवंडें आज कोठें राहतात, या प्रश्नाचें उत्तर महापालिकेच्या सतरा लाखांच्या आंकड्यांत विरघळून गेलें आहे. दोन शतकांपूर्वीं कोट्सनें एका गांवाचें भांडेंन् भांडें मोजलें. शंभर वर्षांपूर्वीं मॅन यांनीं कुटुंबाकुटुंबाचा हिशेब मांडला. त्या हिशेबाचा पुढचा भाग मांडण्यास आपण मात्र कंटाळलों.

तेव्हां दोन्ही टोंकांच्या मतांविषयीं थोडें सावध राहणें बरें. रस्ते झाले कीं खेडीं आपोआप सुधारतील म्हणणाऱ्यांनीं पिंपळ्याचीं सदुसष्ट घरें आठवावीं. कारखान्याची वाट दाराशीं असूनहि तीं तुटींतच होतीं. रस्त्यांनीं आमचीं सुखी खेडीं नासलीं म्हणणाऱ्यांनीं जातेगांवचीं पंच्याऐशीं आठवावीं. वाट माणसाला कामापर्यंत नेते. त्याला तेथें काय मिळावें, तें किती टिकावें आणि मागें राहिलेल्यांचें काय व्हावें, हें वाट ठरवीत नाहीं. तें आपण ठरवितों, किंवा न ठरवतां सोडून देतों.

२०२१ ची शिरगणती ठरल्या वर्षीं झाली नाहीं. ती जेव्हां हातीं येईल तेव्हां आपल्या मूळ गांवाची ओळ प्रत्येकानें पुन्हां एकदां काढून पाहावी. माणसें वाढलीं कीं घटलीं एवढ्यावर न थांबतां पुढची सडक व बस यांची नोंदहि वाचावी. मग गांवीं अजून जें कोणी म्हातारें माणूस असेल त्याला विचारावें, कीं आपल्या आळींतलीं कोणतीं घरें बंद आहेत, तीं कोणत्या वर्षीं बंद झालीं आणि त्या घरांतलीं माणसें कोणत्या वाटेनें गेलीं. तें सांगेल ती हकीकत छापील पुस्तकांत मिळणार नाहीं. ती कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे.